राहुल सोनकांबळेचा हिशेब

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका रिकव्हरी तुकडीत होतं. रस्त्यावरून घसरलेल्या लष्करी गाड्या ओढून वर आणायच्या, हे आमचं काम. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, शिक्षण दहावी. हाताखाली सात जवान. ०५३० ला पीटी, ०७०० ला गाड्यांची तपासणी, ०८०० ला वायरलेसवर हजेरी. मग बोलावणं येईपर्यंत चहा आणि एकमेकांची चेष्टा.

चेष्टेचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. क्राफ्ट्समन राहुल सोनकांबळे. क्राफ्ट्समन म्हणजे आमच्या शाखेतला शिपाई. पोरगा आमच्याच हैदराबादचा; तो दिलसुखनगरचा, मी काचीगुड्याचा. त्याच्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री होती, फर्स्ट क्लास. वडील दवाखान्यात वॉर्डबॉय. त्यांनी कर्ज काढून चार वर्षं फी भरली. पुढे वर्षभर वणवण करूनही पोराला बारा हजारांच्या वर कुणी देईना, म्हणून तो भरतीच्या रांगेत उभा राहिला. आम्ही म्हणायचो, इंजिनिअरसाहेब, जरा पाना द्या. तो हसून द्यायचा.

पेन्शनीत आल्यावर हा किस्सा मी लग्नकार्यात, चहाच्या हॉटेलात, कुठंही सांगायचो. मेकॅनिकल करून काय मिळतं, तर आमच्याकडे एक होता, पाना द्यायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसायचे. गोष्ट मी तिथंच थांबवायचो.

या वर्षी माझी मुलगी अनुजा बारावी झाली. हिला स्कूटर उघडून बसायचं वेड आहे. रँक बरी आली, आणि कौन्सेलिंगच्या फॉर्मवर पहिला ऑप्शन मेकॅनिकलच टाकणार म्हणून हटून बसली. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. चिक्कडपल्लीहून तिचे मामा आले. त्यांनी वहीवर मांडून दाखवलं, फी, पुस्तकं, बस धरून साडेसहा लाख जाणार आणि हातात येणार अठरा हजारांची नोकरी, तीही मिळाली तर. कॉम्प्युटरला सुरुवातच पस्तीसची. आकडे खोटे नव्हते. माझ्या फंडातले पैसे तेवढेच होते, एकदाच खर्च होणार होते. मीही राहुलचा किस्सा पुढे केला.

अनुजानं विचारलं, "मग पुढं काय झालं त्याचं?"

"ड्युटीवर गेला. ॲक्सिडेंट."

"कसा?"

मी पाणी प्यायला उठलो. ती मागोमाग स्वयंपाकघरात आली. "पप्पा, त्याची अर्धी गोष्ट सांगून मला नक्को म्हणू नका. पूर्ण सांगा."

बायको ओट्याशी उभी होती. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. त्या दोघींना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

त्या दिवशी १०४० ला वायरलेसवर संदेश आला. राशन भरलेला ट्रक वळणावरून खाली नाल्यात गेला होता. ड्रायव्हर सुखरूप. पुढची चाकं एक्सलपर्यंत चिखलात. आम्ही ११२५ ला पोहोचलो. आमची रिकव्हरी गाडी रस्त्यावर उभी केली. तिच्या विंचचा, म्हणजे ओढयंत्राचा, पोलादी रस्सा खाली नेऊन ट्रकला लावला आणि एकेरी रश्श्यावर ओढायचं ठरवलं. १३०० ला वरचा कॉन्व्हॉय सुटणार होता, तोवर रस्ता मोकळा हवा होता.

राहुल खाली जाऊन ट्रकभोवती फिरून आला. कागद नव्हता म्हणून तळहातावर पेनानं आकडे मांडले. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साब, एकेरीवर नाही यायचं. गाडीचं वजन, राशन, चढ आणि चिखलाची पकड, सगळं धरलं तर रस्सा तुटेल. चरखी लावून रस्सा दुहेरी करू, ताण निम्मा होईल. पाऊण तास जास्त लागेल."

तेवढ्यात वायरलेस सेट बोलला. "किती वेळ? ओव्हर."

"तीस मिनिटं. ओव्हर," मी सांगितलं.

मग राहुलकडे वळलो. बाकीचे सहा जण बघत होते. मी म्हणालो, "डिग्री खिशात ठेव. अठरा वर्षं रस्से ओढतोय मी. जा, सिग्नल दे."

विंच चालवणाऱ्याला खालचा ट्रक दिसत नव्हता. हाताच्या खुणा करायला मध्ये एक माणूस लागायचा. ती जागा रश्श्याच्या जवळ, तो तुटून उलटला तर फटका बसेल अशी होती. राहुल म्हणाला, "राइट, साब." आणि तिथं जाऊन उभा राहिला.

ट्रक हातभर हलला. ११५२ ला रस्सा तुटला. पुढचं मी अनुजाला सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. तो जागच्या जागी गेला. वय चोवीस.

स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याच्याजवळ होतो. तळहातावरचे आकडे मी ओल्या कापडानं पुसले. घरच्यांना स्वच्छ हात दिसावा, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आज मला ते खरं वाटत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी मला विचारलं, "दुसरी कुठली पद्धत कुणी सुचवली होती?"

"नाही, सर."

बाकीच्या सहा जणांनीही माझीच री ओढली. मी त्यांचा हवालदार होतो. रस्सा जुना होता, असा निष्कर्ष निघाला. पुढे मला प्रमोशनही मिळालं, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मी माझी कातडी वाचवली, याला दुसरा शब्द नाही.

माझं बोलणं संपल्यावर बायकोनं गॅस बंद केला. अनुजानं एवढंच विचारलं, "त्याच्या घरी माहीत आहे हे?"

नव्हतं. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी दिलसुखनगरला जात होतो. दरवर्षी त्याचे वडील तेच बोलायचे. मीच चुकलो, त्याला मेकॅनिकल दिलं, कॉम्प्युटर दिलं असतं तर लेकरू आज घरात असतं. मी मान हलवायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. माझं पाप ते म्हाताऱ्या अंगावर वाहत होते आणि मी वाहू देत होतो.

"मग आधी तिकडं जा," अनुजा म्हणाली. "माझा फॉर्म नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. फॉर्मवर नंबर माझा, ओटीपी माझ्याच फोनवर यायचा. फोन तिच्या हातात दिला. म्हणालो, "तुला हवं ते पहिलं टाक. फी मी भरतो." अठरा हजारांची काळजी तेव्हाही होती, आजही आहे. पण त्या डिग्रीला किंमत नाही, असं सांगायचा हक्क निदान मला तरी नव्हता.

सोनकांबळेकाकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्मृतिदिन नसताना मला दारात पाहून ते गडबडले. जयभीम झालं. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. वेळ, ठिकाण, काम, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच आलं नसतं. कोर्टात दिलेलं उत्तरही सांगितलं.

त्यांनी ती खुर्ची बाजूला सारली. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो बरोबर होता?" त्यांनी विचारलं.

"हो, काका. शंभर टक्के."

"मग ऐकलं का नाही, सुभेदारसाहेब?"

"तो शिपाई होता. मी हवालदार."

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अगं, बाहेर ये. राहुलचा हिशेब बरोबर होता म्हणतेत."

काकू बाहेर आल्या. काकांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. माझ्याकडे बघत त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"रस्सा तुटणार हे त्याला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "तरी तो तिथं उभा राहिला?"

"हो, काकू," मी म्हणालो. "मी उभा राहा म्हणालो होतो."