घडीची सायकल आणि अठरा किलो कणीक

हरिदास खानझोडे कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वापरणाऱ्या निदान चार जणांना भेटून येत. नव्वदच्या दशकात बाजारात रोज नवं काहीतरी यायला लागलं आणि दिल्लीतल्या मराठी घरांतून रंगीत टीव्ही, वॉशिंग मशीन धडाधड आली. हरिदासांकडे ती आली तेव्हा बाकीच्यांची बिघडायला लागली होती. दिल्लीला लागून असलेल्या वैशाली वसाहतीतला फ्लॅट घेताना तर गच्चीवर पाणी साचतं का, हे बघायला ते भर पावसात तीनदा छत्री घेऊन गेले होते. "माझ्या वेळी कोणाकोणाला भेटून आले होते, देव जाणे," असं त्यांच्या पत्नी अलकाताई म्हणायच्या.

अशा माणसाला सत्तावन्नाव्या वर्षी एक सायकल आवडली. विजेवर चालणारी आणि वर घडी होणारी.

मेट्रो वैशालीपर्यंत येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण स्टेशन घरापासून अडीच किलोमीटरवर. तिथवर ई-रिक्षात चौघांच्या जागेत सहावे होऊन जायचं, मग मेट्रोने मंडी हाउस आणि पुढे पायी एका सरकारी अतिथिगृहात. तिथे हरिदास एकतीस वर्षं भांडारपाल होते. स्वयंपाकघरातल्या शिध्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. इंदिरापुरमच्या दुकानात नीरज त्यागी नावाच्या दुकानदाराने दोन खटके ओढून सायकल त्यांच्यासमोर मिटवून दाखवली. "दस सेकंड, अंकल! उठाइए और मेट्रो में बैठ जाइए."

"आज घडीची सायकल बघून आलो," त्यांनी घरी जाहीर केलं.

मुलगी अक्षया दिल्लीतच वाढलेली. तिने फोनमधून डोकं वर काढलं. "हँडलवर लावलीय का? पण टाइम तर फोनमध्येपण दिसतो ना, बाबा."

"अगं, घडी म्हणजे साडीची घालतात ती!"

"अच्छा, फोल्डिंग! मग तसं बोला ना यार."

आता अशी सायकल वापरणारे चार जण शोधायचे. अख्ख्या वैशालीत एकही सापडला नाही. तेव्हा हरिदासांनी स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं. सायकलचं वजन अठरा किलो. स्टेशनच्या जिन्यावर ते पेलेल का? त्यांनी मिटलेल्या सायकलीच्या मापाचं खोकं मिळवलं, त्यात अठरा किलो कणकेच्या पिशव्या बसवल्या आणि खोक्याला सुतळी बांधली.

"सायकल यायच्या आधी खोकं फिरवणार?" अलकाताईंनी विचारलं.

"आठवडाभर नेऊन बघतो."

"न्या बापडे. पण संध्याकाळी कणीक घरी परत हवी. पोळ्या करायच्यात."

स्टेशनवर तपासणीच्या जवानाने खोकं उघडायला लावलं. "आटा? ऑफिस ले जा रहे हो?"

"आटा नहीं, भाईसाहब. सायकल समझिए."

"सायकल कहाँ है?"

"अभी दुकान में है."

जवानाने त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "आओ अंकल, सायकल आ गई?"

चार दिवस उत्तम गेले. खांदा दुखला, पण पेललं. पाचव्या दिवशी संध्याकाळी अतिथिगृहाच्या फाटकावर त्यांना अडवण्यात आलं आणि खोक्यासकट गिरिजा सरतकर मॅडमसमोर उभं केलं गेलं. मॅडम तिथल्या व्यवस्थापक, वयाने हरिदासांपेक्षा वीस वर्षांनी लहान.

"खानझोडे, तुम्ही भांडारपाल. आणि रोज संध्याकाळी अठरा किलो आटा घेऊन बाहेर पडता?"

"मॅडम, सकाळी तो मीच घेऊन आत येतो."

"ते कोणी पाहिलेलं नाही."

हे खरं होतं. सकाळचा पहारेकरी त्या वेळी चहाला जायचा. एकतीस वर्षांत चिमूटभर मीठसुद्धा इकडचं तिकडे झालं नव्हतं. त्यांनी अडखळत स्टेशन, ई-रिक्षा, जिना, खांदा, सगळं सांगितलं. मॅडमनी खोक्याचं झाकण उचलून आत पाहिलं.

"म्हणजे ही कणीक सायकल आहे."

"घडी घातलेली, मॅडम."

मॅडमना हसू आवरेना. तरी नियम म्हणून भांडार तपासलं गेलं. कमी काहीच नव्हतं. उलट अडीच किलो साखर जास्त निघाली आणि तिचा खुलासा लिहिण्यात हरिदासांची दुसऱ्या दिवशीची दुपार गेली. खुलाशावर सही करताना मॅडमनी सहज विचारलं, "दुकान कुठे आहे हो?" मग बॅटरी, ब्रेक, चार्जर यांवर त्यांनी पाऊण तास व्याख्यान ऐकलं, आणि सोमवारी त्या तीच सायकल घेऊन आल्या.

हरिदास थक्क. "मॅडम, कोणाला विचारलंत?"

"तुम्हाला विचारलं ना! बसा, एक फेरी मारा."

सायकलवर ते वाशीमला कॉलेजात असताना बसले होते, त्यानंतर आजच. मूठ जराशी पिळली आणि पायडल न मारता सायकल गुपचूप पुढे निघाली. अंगणात एक फेरी झाली, दोन झाल्या, सात झाल्या. स्वयंपाकी हातातला झारा घेऊन बाहेर आला. खानझोडेसाहेब मोठ्यांदा हसत होते. त्यांचे दात तिथे फारसे कोणी पाहिले नव्हते.

एवढं झालं तरी ते विचारच करत राहिले, आणि विचार करता करता अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले.

"आता ऑफिसच नाही. मग सायकल कशाला?" अलकाताई म्हणाल्या.

कारणं शोधायला हरिदासांनी खिशातून टिपणाचा कागद काढला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. "मजा येते गं," ते हळूच म्हणाले.

या कारणासाठी नवऱ्याने काही मागितल्याचं अलकाताईंना आठवत नव्हतं. त्या उठल्या, पायात चपला घातल्या. "चला. दुकान आठला बंद होतं."

आता रोज पाच वाजता दोघं भाजीला जातात. अलकाताई ई-रिक्षाने त्यांच्याआधी पोचतात. हरिदास मागून येतात आणि कुलूप लावून ठेवायचं सोडून भाजीवाल्यासमोर सायकलची घडी घालायला घेतात. दहा सेकंदांत काही ती होत नाही. एक खटका नेहमी अडतो, माणसं जमतात, सूचना येतात. तो सुटेपर्यंत अलकाताई वाटाणे निवडून घेतात.