जोर लावून मागणं

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काय केलं, तर चऱ्हाट वळलं. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात, घरामागच्या लिंबाखाली, सकाळच्या पारी. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. ती आजारी होती, पण पडून राहील ती कसली. बसल्या जागी अंबाडीच्या सालीचा वाख सोडायची आणि मी दुसऱ्या टोकाला पीळ देत मागं मागं सरकायचो. वाखाची धूळ उन्हात तरंगत होती. मी जितका मागं जाई तितकी ती बारीक दिसे, जणू पाण्याच्या तळाशी बसलीय. अजून आठवतं तेव्हा आधी तिचं तोंड हलतं, आवाज मागाहून येतो.

"अवं, थांबा की. चक्कर येऊन पडाल. चार दिस झाले, पोटात अन्न न्हाय."

मी सात दिवसांचा उपास धरला होता. तिची छाती महिनाभर धरलेली, औषधानं उतार नव्हता. चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, विश्वासानं मागा. बाप्तिस्मा होऊन मला पाच वर्षं झाली होती, पण डोकं जुनंच. नवस बोलावा तसं देवाला बोलून बसलो. विश्वास तिच्यापाशी होता, माझ्यापाशी नव्हता, हे मला ठाऊक होतं. म्हणून कमवायला निघालो. माझा कमी पडला तर ही जाईल, एवढंच डोक्यात.

"तुझ्यासाठीच करतोय," मी ओरडलो.

"मग माझ्यासाठी जेवा. उपाशी माणूस लई चिडका." खोकून झाल्यावर म्हणाली, "म्या इस्वास कुठं कमावला? एक दिस उठले तर होता. देणाऱ्यानं दिला. तुमी आपलं बैलावानी जोर लावताय."

"गप बस. लई शहाणी."

हे माझं तिला शेवटचं बोलणं. लपवून काय करू?

चऱ्हाट पुरं झालं. ती झाडाला टेकली, डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. कुठंतरी होला घुमत होता. ऊन तिच्या पायांवर आलं तरी ती हलली नाही. हात लावला तेव्हा कळलं.

दिवस मावळायच्या आत माती दिली. लोक गाणी म्हणत होते, ती मला विहिरीतून आल्यासारखी ऐकू येत होती. मनात एकच, उपासात पाणीसुद्धा सोडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जागा झालो तो देवाला शिव्या देतच. तोंडावर बोलावं तसं बोलत होतो. बोलता बोलता ध्यानात आलं. तो समोर आहे की नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. हा विश्वास माझ्यात कधी आला, कोण ठेवून गेलं, मला आजही सांगता येत नाही. उपास तर वायाच गेला होता.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारची मुसलमान म्हातारी, जिला मी खाला म्हणजे मावशी म्हणायचो, भाकरी-पिठलं घेऊन आली.

"खा ले, बेटा."

"माझा उपास हाय, खाला."

"कुणासाठी?"

उंबऱ्यात बसलो आणि तिच्यासमोर अर्धी भाकरी खाल्ली.