फडताळापर्यंत पाणी

सुलक्षणा घाडीचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. आमची कंपनी अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आहे. जमिनीचे नमुने तपासायचे आणि पाया, भिंती, डोंगरउतार यांचं गणित करून द्यायचं, हे आमचं काम. मी तिथं हिशेब बघतो. मातीतलं मला काही कळत नाही, पण इतकी वर्षं शेजारी बसून सुलक्षणा काय करते ते थोडंफार समजायला लागलं आहे.

डोंगराचं मॉडेल संगणकात तयार झालं की पडद्यावर लाल, पिवळं, निळं असं सुरेख चित्र येतं. सगळे ते चित्र बघतात, साहेबही तेच बघतात. सुलक्षणा त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. पडद्याच्या तळाशी एक अरुंद पट्टी असते, तिच्यात ती तुटक इंग्रजीत प्रश्न टाइप करते. अमुक थराला कोणती माती दिली आहे? बांधकामाच्या तमुक टप्प्यात भिंत चालू आहे का, म्हणजे गणितात धरली आहे का? खाली एका ओळीत उत्तर येतं.

एकदा मी विचारलं, "चित्रात दिसतंय तेच परत कशाला विचारतेस?"

"नंदूकाका, रंगांचं काय, मोजपट्टी बदलली की लालाचं हिरवं होतं. विचारलं की त्याला सांगावंच लागतं."

तिची आणखी एक पद्धत होती. तपासताना एक चूक सापडली म्हणून ती थांबत नसे. चूक दुरुस्त करायची आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करायची. आमच्या ऑडिटमध्येही असंच करायला हवं, पण करतं कोण? मॉडेल बनवणारा किरण तिला पोलीसबाई म्हणायचा.

"काय पोलीसबाई, आज कुणाची चौकशी?"

"तुझीच रे. पळू नकोस, बस."

ती राहते दिंडोशीला, डोंगराला टेकलेल्या खोल्यांच्या वस्तीत. तिचे वडील गुणाजी मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक वीट लावत ती खोली बांधली. मागची भिंत म्हणजे डोंगरालाच लावलेला दगडांचा थर, त्यात कोरून काढलेलं एक फडताळ. आई लवकर गेली. त्या खोलीत राहूनच सुलक्षणानं डिप्लोमा केला, नोकरी करता करता डिग्री केली. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तोच डोंगर आमच्या ऑफिसात काम म्हणून आला. पावसाळ्यात वरून माती यायला लागली होती. उतारात लोखंडी अँकर, म्हणजे आत खोल रुतणाऱ्या लांब सळ्या, ठोकून पुढे भिंत बांधली तर खालच्या खोल्या राहू शकतील का, की त्या रिकाम्या कराव्या लागतील, एवढंच सांगायचं होतं. फॅक्टर ऑफ सेफ्टी नावाचा एक आकडा असतो. एक म्हणजे डोंगर जेमतेम उभा आहे. या कामाला एक पूर्णांक तीन हवा होता. तेवढा आला तर अँकर बसणार आणि खोल्या राहणार.

सुलक्षणा आमच्या श्यामसुंदर सरांकडे गेली. "सर, माझं घर त्याच्या खालीच आहे."

सरांनी नकाशा पुढे ओढला. मग म्हणाले, "मॉडेल किरण करेल. तू तपासून दे. तुझं घर तिथं आहे हे मी वर लेखी कळवतो." त्यांनी कळवलं. वरून हरकत आली नाही.

किरणच्या मॉडेलचा आकडा आला एक पूर्णांक एकोणीस. त्यानं तो मोठ्यानं सांगितला नाही, वळून तिला पडदा दाखवला. सुलक्षणानं खुर्ची ओढली आणि प्रश्न विचारायला बसली. एरवी ती चूक असू नये म्हणून तपासायची, त्या दिवशी चूक असावी म्हणून तपासत होती. हे तिनं मला नंतर सांगितलं, पण मला तेव्हाही दिसत होतं. एकेका थराची माती विचारली, उत्तरं प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून पाहिली. सगळं बरोबर. मग अँकरविषयी विचारलं. शेवटच्या टप्प्यात चालू आहेत का?

उत्तरात एकच शब्द आला. फॉल्स.

"किरण, अँकर बंदच आहेत. आधीच्या टप्प्यात चालू केलेस, शेवटच्यात राहिले."

"वाट लागली," किरण म्हणाला. "टप्पा कॉपी करताना राहिलं असणार. थांब, मी करतो."

"मी करते."

अँकर चालू करून गणित पुन्हा लावलं. आकडा आला एक पूर्णांक चौतीस. किरणनं टेबलावर थाप मारली. सुलक्षणानं तिथूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, खोली राहतेय."

किरण सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला. चहा येईपर्यंत सुलक्षणा पुन्हा पहिल्या प्रश्नाला बसली होती. थर बरोबर, अँकर चालू, भिंत चालू. शेवटी तिनं पाण्याची पातळी विचारली. डोंगराच्या पोटात पाणी कुठवर आहे, ते; पाणी जितकं वर, तितका आकडा कमी. उत्तर आलं तेव्हा तिचा हात कीबोर्डवरून उचलला गेला.

"किरण, पाणी मे महिन्याचं आहे. सगळ्या टप्प्यांना."

"अहवालात तेच आहे ना. बोअर मे महिन्यात घेतले, पावसात मशीन वर चढत नव्हतं. मी काय मनानं टाकू?"

त्याचं खरं होतं. पावसाळ्यातली मोजणी कुणीच केली नव्हती.

"असू दे ना यार," तो हळूच म्हणाला. "एक चौतीस आलंय. तुझंच तर घर आहे."

"माझंच आहे रे. त्याच्याखाली मीच झोपते."

तिनं वडिलांना पुन्हा फोन लावला. स्पीकरवर, कारण हात कीबोर्डवर होते.

"बाबा, श्रावणात आपल्या मागच्या भिंतीतून पाणी येतं ना, ते कुठवर येतं?"

"अगो, फडताळापर्यंत येता," गुणाजी आनंदात होते. "गेल्या साली तर फडताळाच्याय वर. झरोच तो. बाजूची क्षमा नळार भांडता, आमी थंयच धुणा धुतंव. तुझ्या सायबाक सांग, मुंबयत असा पाणी खंय मिळाचा नाय."

"नक्की फडताळापर्यंत?"

"मी बांधलंय भिंत, माका ठाऊक नसतला?"

तिनं फोन ठेवला. घराच्या जोत्यापासून फडताळाची उंची तिला पाठ होती. ती टाकली, तिथून डोंगरात वर पाण्याची रेघ ओढली. चहा आला, कुणी घेतला नाही. आकडा आला एक पूर्णांक शून्य चार. अँकर चालू आहेत का, ते तिनं पुन्हा विचारलं. चालू होते.

सरांनी विचारलं, "हे पाणी कशावरून धरलंस?"

"आमच्या मागच्या भिंतीवरून."

सर म्हणाले, असं चालणार नाही, मोजूया. पुढच्या पावसाळ्यात डोंगरात नळी बसवून मोजलं. पाणी गुणाजींनी सांगितलं होतं त्याहून हातभर वर होतं. म्हातारा फुगवून सांगत नव्हता, उलट कमीच सांगत होता.

अहवाल गेला: अँकर पुरणार नाहीत, खोल्या रिकाम्या कराव्यात. अँकर पुरणार नाहीत म्हटल्यावर अँकरचं काम रद्द झालं. खोल्या रिकाम्या करायच्या म्हणून दारांवर नोटिसा लागल्या. पर्यायी जागा कुठं द्यायची ते ठरलं नाही, म्हणून कुणी हललं नाही. एक मीटिंग झाली, तिच्यात पुढच्या मीटिंगची तारीख ठरली, ती झाली नाही. आता डोंगराला अँकरही नाहीत आणि खाली माणसंही आहेत.

मी सुलक्षणाला एकदा म्हटलं, "तू ते पाणी विचारलं नसतंस तर निदान अँकर तरी बसले असते." म्हणायला नको होतं. तिनं मान डोलावली. तिनं ते माझ्या आधीच मोजून पाहिलं होतं. पावसाळ्याचं पाणी धरून अँकर असताना एक पूर्णांक शून्य चार, अँकर नसताना एकाच्या खाली.

वस्तीत तिच्याशी बोलणं कमी झालं. क्षमा तिला नळावर म्हणाली, "काय गं, सगळा डोंगर सोडून तुझ्या मशीनला आमच्याच खोल्या दिसल्या?" सुलक्षणानं हंडा भरला आणि ती घरी आली.

आपण फोनवर काय सांगितलं आणि त्याचं काय झालं हे गुणाजींना कुणीतरी समजावलं असावं, कारण त्यानंतर ते बरेच दिवस लेकीशी बोलत नव्हते. तिनं चारकोपला भाड्यानं जागा बघितली. एका सेक्टरमध्ये, तळमजला, डोंगर नाही. ते गेले नाहीत. "भिंत मी बांधलंय," एवढंच म्हणाले. मग तीही गेली नाही.

यंदा श्रावण लागल्यापासून दुपारी तिचा फोन वाजतो. गुणाजीच असतात. ती स्पीकर लावते, मला ऐकू येतं.

"जेवलंस गो?"

"जेवले बाबा."

"आज पाणी फडताळाच्या खाली आसा. चांगला वीतभर खाली. तुझ्या मशीनीक सांग."

"सांगते."

"आता सांग. मी फोन धरतंय."

ती टाइप करते. खरंच करते, मी पाहिलं आहे. वीतभरानं काही होत नाही. खालच्या ओळीत जवळजवळ तोच आकडा येतो, ती तो वाचते आणि पट्टी पुसते.

"काय म्हणता?"

"बघतंय म्हणतं, बाबा."

"बघूंदे," म्हातारा म्हणतो. "मी उद्या परत सांगतंय."