काचेवरचा रोवेनाचा आकडा

शेजारच्या व्हर्लिनला मी 'अर्धा माणूस' म्हणायचे, कारण उरलेला अर्धा कायम बॉनेटखाली असायचा. गाडी मात्र त्याची नव्हतीच; ती त्याच्या बायकोची, रोवेनाची. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात मॅकरोनी ढवळणारी ही बाई शनिवारी हेल्मेट चढवून शर्यतीच्या पट्टीवर उतरायची आणि नातवांच्या वयाच्या पोरांना धूळ चारायची. इंजिन नवऱ्यानं बांधायचं, पळवायचं बायकोनं, आणि भांडायचं दोघांनी मिळून. मला भिंतीला कान लावायची कधी गरजच पडली नाही.

गेल्या वर्षी मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत इंजिनाचा तिसरा सिलिंडर तडकला. रोवेनाला आनंदच झाला. बरं झालं, आता टर्बो लावू, म्हणाली. पण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मूळ सांगाड्याच्या, भिंती पातळ, टर्बोचा दाब त्यांना सोसवत नाही. त्या कापून काढायच्या आणि जागी बिडाच्या जाड नळ्या, म्हणजे स्लीव्ह, ठोकून बसवायच्या. व्हर्लिनचं म्हणणं, भंगारातून तसलाच जुना ब्लॉक आणू, गाडी होती तशी धावेल. या वादात त्यांची थँक्सगिव्हिंगची टर्की थंडगार झाली. नाताळ यायच्या आधी रोवेनाच्या मेंदूत रक्तस्राव झाला नि ती गेली. वाद तसाच राहिला.

मग तो ब्लॉक त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आला. मी कॅसरोल घेऊन गेले, तर भांडं ठेवायला जागा नाही. म्हटलं, "पाहुण्याला वाढलंस का काही?" एरवी तो गुरकावला असता. नुसता तडकलेल्या भिंतीवरून बोट फिरवत राहिला.

खरादकाम करणाऱ्या डेल्बर्टनं त्याला आधीच सांगून ठेवलं, की आतलं सगळं मी काढणार, तिच्या ब्लॉकचं नुसतं बाहेरचं कवच उरेल. तरी व्हर्लिननं स्लीव्हच बसवायला दिले, वर टर्बोही लावला. इतक्या वर्षांत बायकोचं पहिल्यांदाच ऐकलं, तेही ती नसताना. हे मी त्याच्या तोंडावर बोलले. तो म्हणाला, "ती असती तर जिंकल्याचा किती तोरा मिरवला असता."

मोसमाच्या पहिल्या शनिवारी आम्ही सगळे पट्टीवर. गाडी पूर्वीच्या दुपटीनं गुरगुरत होती. आणि रांगेत उभं असताना व्हर्लिनच्या हातातली पांढऱ्या बूटपॉलिशची बाटली थांबली.

आमच्याकडे प्रत्येकानं आपली गाडी किती वेळात पोचेल तो आकडा पॉलिशनं काचेवर लिहायचा असतो. सुटायची वेळ त्याच आकड्यावरून ठरते, म्हणून त्याहून लवकर पोचलात तर हरलात. मागच्या काचेवर रोवेनाचा शेवटचा आकडा तसाच होता, पोटात आडवी रेघ मारलेल्या तिच्या इंग्रजी साताचा. हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये होती आणि व्हर्लिननं काच सोडून सगळं धुतलं होतं. नवं इंजिन त्या आकड्याच्या कितीतरी आधी पोचणार, हे एवढा मोठा मिस्त्री असून त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. जुना ब्लॉक आणला असता तर आकडा राहिला असता.

डेल्बर्टनं खिशातून फडकं काढून पुढे केलं. व्हर्लिननं ते घेतलं नाही.

तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला, तशी मी खिडकीपाशी वाकले. "अरे म्हाताऱ्या, शेवटी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचल की. आकडाही राहील नि शर्यतही."

"तिनं कधी उचलला होता?" तो म्हणाला आणि काच वर केली.

हिरवा दिवा लागला. एवढ्या वेगात ती गाडी आम्ही कधी पाहिली नव्हती. पार शेवटपर्यंत पाय दाबलेलाच. फलकावर त्याच्या नावापुढे लाल दिवा, म्हणजे पहिल्याच फेरीत बाद. पोरं हसली. मी एकीला चिमटा काढला.

परत आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तिचंच खरं होतं," आणि तोंड फिरवलं. जाताना मी मागून पाहिलं. धुळीनं साताची रेघ थोडी पुसट झाली होती.