पंडुमाआधी वाजलेलं गाणं

खुर्शीदा म्हणजे आमच्या कुरखेड्यातल्या बांगडीवाल्या अल्ताफभाऊंची पोरगी. लहानपणापासून बापाच्या मागे बाजारोबाजार हिंडली आणि बायकांच्या हातांत बांगड्या चढवता चढवता गोंडी शिकली. हात दुखतो तेव्हा बाई बोलत राहते, तीच हिची शाळा.

गावात रेडिओ केंद्र निघालं तेव्हा त्यावर काय लागायचं ते विचारू नका. ‘श्रोतेहो, संतुलित आहार घ्या.’ माझ्या चहाटपरीवरची गिऱ्हाइकं म्हणायची, भाऊ, त्या मास्तरले बंद करा. मग खुर्शीदा तिथे कामाला लागली आणि रेकॉर्डर घेऊन थेट बाजारात बसली. कोणाचा बैल हरवला, कोणत्या रानात मोहफुलं पडायला लागली, सुनेनं माहेरी काय निरोप धाडला. ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत. लोक ‘आपला रेडिओ’ म्हणायला लागले.

त्या कार्यक्रमाचा जीव होती सुकरीबाई, जंगलातल्या एका गोंड गावची गाणारी. त्यांच्यात नवा आंबा देवाला वाहिल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. त्या सणाला पंडुम म्हणतात. सणाचं गाणंही त्याआधी कोणी म्हणत नाही, आणि ते सुरू करायचा मान सुकरीबाईचा. खुर्शीदानं ते पंडुमातच रेकॉर्ड केलं, तेही गावासमोर शब्द देऊन, की पंडुमाच्या दिवसाशिवाय हे रेडिओवर लागणार नाही.

केंद्राचे प्रमुख प्रफुल सर. त्यांनाही तिनं बजावलं होतं. सर हो म्हणाले होते. साहेबाच्या होकाराला किती धार असते, ते आपल्याला ठाऊकच आहे. पुढच्या माघात शहरातून बडे पाहुणे केंद्र बघायला आले. त्यांना ‘इथला अस्सल रंग’ हवा होता. खुर्शीदा नेमकी मावशीकडच्या लग्नाला गोंडपिपरीला गेलेली. सरांनी ते गाणं थेट रेडिओवर लावलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या.

थोड्याच दिवसांत गारपीट झाली आणि आंब्याचा मोहर झडून गेला. गारांना रेडिओ ऐकू येत नाही, एवढं मलाही कळतं. पण जंगलातल्या त्या गावानं आवाज ओळखला होता. बैठक बसली आणि सुकरीबाईचा गाण्याचा मान गेला.

खुर्शीदा धावत गेली. चूक केंद्राची आहे म्हणत तिनं गावापुढे हात जोडले. गाव बधलं नाही. सुकरीबाई एवढंच बोलली, “तू नाई लावलं, मले मालूम आहे. पन आवाज तं माझाच होता ना.”

परत येऊन खुर्शीदानं सरांकडे एकच मागणं केलं. रेडिओवरून गावाची माफी मागा, म्हणजे बाईचा मान तरी परत मिळेल. सर म्हणाले, आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही. याच अंधश्रद्धेवर माघात टाळ्या मिळवताना मात्र त्यांना काही टोचलं नव्हतं. माझं डोकं फिरतं ते इथे. खुर्शीदानं रेकॉर्डर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी येऊन बापाची बांगड्यांची पेटी उचलली.

केंद्राला पुढे बक्षीस मिळालं, मातीशी नाळ जपल्याबद्दल. आता तेच गाणं रोज कार्यक्रमाच्या सुरुवातीला लागतं.

परवाच्या बाजारात खुर्शीदा माझ्या टपरीसमोर बसली होती. सुकरीबाई आली आणि तिनं हात पुढे केला. खुर्शीदानं तो हळूहळू भरला. दोघी बोलत नव्हत्या, पण खूप दिवसांनी ती पोरगी मला जरा निवलेली दिसली. तेवढ्यात समोरच्या मोबाइलच्या दुकानात रेडिओ लागला आणि सुकरीबाईचा आवाज भोंग्यातून बाजारभर पसरला.

सुकरीबाई उठली.

“दुसरा हात राह्यला, बाई,” खुर्शीदा म्हणाली.

“राहू दे. गावचे लोक ऐकून राह्यले.”

डोक्यावर पदर ओढून ती गर्दीतून निघून गेली. गाणं पुढे बराच वेळ चालू होतं.