अशोकचा शेवटचा परिच्छेद

अशोकच्या बायकोचा, सुधाचा फोन आला तेव्हा मी वेम्बलीत भाजीच्या दुकानाबाहेर पिशव्या सावरत उभी होते. "अशोक गेला गं, सकाळी," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही, आधी राग आला. वाद अर्धवट सोडून उठून जायची त्याची सवय जुनीच... सहा आठवडे झाले, तो राग अजून उतरलेला नाही.

लंडनच्या एका वृत्तसंस्थेत आम्ही दोघंच मराठी. साम्यवादी राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपातले देश बाजाराच्या वाटेला लागले होते आणि तिथल्या अर्थकारणाच्या बातम्या अशोक पाठवायचा, कधी वॉर्साहून, कधी सोफियाहून. मी डेस्कवर बसून त्या कापायचे. बातमी खालून कापायची हा आमच्या धंद्यातला साधा नियम. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. हे पक्कं ठाऊक असूनही हा गृहस्थ मंत्री, महागाई, खासगीकरण वर लिहायचा आणि माणसं नेमकी शेवटच्या परिच्छेदात ठेवायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. "अरे, वर घे ना त्यांना! खाली ठेवलंस तर मी कापणारच, आय हॅव नो चॉइस."

"वर घेतलं की ती बातमीची सजावट होतात," तो शांतपणे म्हणायचा. "तू एकदा जागा ठेवून तर बघ."

"पुढच्या वेळी नक्की." हे मी किती वेळा म्हटलं असेन... जागा उरायचीच नाही. खरं सांगायचं तर कधी कधी उरायची, पण मला घरी जायची घाई असायची.

निवृत्तीनंतरही आम्ही भेटलो की हेच. लंडनच्या पिनर उपनगरात, त्यांच्या स्वयंपाकघरात सुधा चहा ओतत राहायची आणि आम्ही तीस वर्षांपूर्वीच्या बातम्यांवरून भांडायचो. शेवटच्या भेटीत तो फार थकलेला दिसला, तरी बल्गेरियातल्या सूतगिरणीची बातमी त्यानं पुन्हा काढलीच. सरकारनं गिरणी विकली, नव्या मालकानं कुलूप ठोकलं. बातमी सगळीकडे गेली, शेवट तेवढा मी कापला होता. "तो एक तरी छापायला हवा होता," अशोक म्हणाला. मी वैतागले. "एका परिच्छेदानं काय गिरणी उघडली असती का रे?" मी कोट चढवला आणि निघाले.

परवा सुधानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. मी कापलेले सगळे परिच्छेद त्यानं त्यात जपून ठेवले होते. सूतगिरणीचा सगळ्यात वर होता. मी तो वाचत असताना सुधा म्हणाली, "त्याचे वडील सोलापूरच्या गिरणीत होते, तुला माहीत होतं ना? गिरणी बंद पडली तरी कित्येक महिने ते सकाळी डबा घेऊन निघायचे." मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं भांडलास, बाबा, तेवढं एक वाक्य सांगता आलं नाही तुला? आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही...

अशोकवर हा लेख मागवताना पुरवणीच्या संपादकांनी शब्दमर्यादा कळवली होती, ती मी ओलांडली आहे. कापायचंच असेल तर या वेळी वरून कापा. माझा राग कापा, वेम्बली कापा. खाली आहे ते अशोकचं आहे, मी फक्त मराठीत आणलंय, त्याला हात लावू नका.

"गिरणीला कुलूप लागून चार महिने झाले. पहिल्या पाळीच्या बायका अजूनही रोज सकाळी सहाला फाटकाशी येतात, जेवणाचे डबे घेऊन. पहारेकरी त्यांना आत सोडत नाही, हाकलतही नाही. पाळी सुटायच्या वेळी, दुपारी दोनला, त्या उठून घरी जातात. रोज का येता, असं विचारल्यावर त्यांतली एक म्हणाली, घरी मुलांना अजून सांगितलेलं नाही."