हातानं ऐकलेला सा

शेजारच्या सुषमाला जन्मापासून ऐकू येत नाही. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिच्या सासूबाई तिला माझ्या पेटीच्या शिकवणीला घेऊन आल्या. म्हणाल्या, "घरात आम्ही सगळे खुणांनीच बोलतो हो. पोटातल्याच्या कानावर काहीतरी पडू दे."

मी वाजवू लागले. सुषमा अवघडून बसली होती. मग तिनं एक तळहात पेटीच्या लाकडावर ठेवला, दुसरा पोटावर. मी खालचा सा धरून ठेवला, तशी ती दचकली आणि हसली. बाळ हललं होतं. तिनं बोटानं खूण केली, पुन्हा.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. बाळंतपणाची तिला फार धास्ती होती. "डॉक्टर काय सांगतायत ते मला कळलंच नाही तर?" असं तिनं एकदा वहीत लिहून दाखवलं. पण पेटीवर हात ठेवला की तिचा श्वास संथ व्हायचा. इतकी वर्षं मी मुलांना "कान दे, कान दे" म्हणत आले. हातानंही ऐकता येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

वेणा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई तिच्या पाठीवर हातानं संथ ठेका धरून बसल्या होत्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

परवा भेटायला गेले, तर रडणाऱ्या लेकीला छातीशी धरून सुषमा चक्क गुणगुणत होती. एरवी ती तोंडून आवाजही काढत नसे. सूर घोगरा, कुठल्याच पट्टीत न बसणारा. लेक मात्र गप्प होऊन ऐकत होती.

मी हळूच जाऊन लेकीच्या शेजारी बसले.